गाणं कुणाचं?

प्रश्न : ब्रिटिश गायक फिल कॉलिन्सचं ‘यू कान्ट हरी लव्ह’ हे गाणं मुळात त्याचं नाही, असं मुलगा म्हणतो. खरं का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : मुलगा बरोबर आहे. मूळ गाणं १९६६ सालचं, अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचं. गायल्या ‘द सुप्रीम्स’ या तिघीजणी. कॉलिन्सनं १९८२ मध्ये ते जवळपास जसंच्या तसं उचललं आणि जानेवारी १९८३ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर नेलं. तिघींना तिथं तिसऱ्यावर थांबावं लागलं होतं! व्हिडिओत तिन्ही गायक तोच, दोघांना काळे चष्मे. मूळचा ड्रमर, त्यामुळे ठेका चोख. पण सुप्रीम्सची मुख्य गायिका डायना रॉस हिच्या आवाजातलं आर्जव त्याला जमलं नाही, असं माझं मत. मूळ गाणं हेडफोन लावून ऐका. जेम्स जेमर्सनच्या बेस गिटारनंच ते सुरू होतं.