जिप्सीत बलेनोचे 1.6 इंजिन आणि त्यावर टर्बो

नमस्कार. तुमच्या 1996 च्या जिप्सीतले 1.3 लिटरचे इंजिन काढून कुर्ल्याहून जुन्या बलेनो सेदानचे 1.6 आणावे आणि लगोलग टर्बोही (इंजिनात जादा हवा दाबून भरणारे यंत्र) बसवून घ्यावा का, असे तुम्ही विचारले आहे. इंजिन तुम्ही योग्य निवडले आहे, पण दोन्ही कामे एका दमात करू नका.

दोन्ही इंजिने सुझुकीच्या जी मालिकेतली असल्यामुळे मेळ बसवणे त्यातल्या त्यात सोपे जाते आणि 1590 सीसीचे हे सोळा व्हॉल्व्हचे इंजिन मूळचेच 94 बीएचपी देते. मात्र ही बलेनो आपल्याकडे 1999 मध्ये आली, म्हणजे कुर्ल्यातल्या सीएसटी रोडच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात मिळणाऱ्या इंजिनाने मुंबईचे कितीतरी पावसाळे काढलेले असतात, आणि मला खरी भीती त्याचीच वाटते. चालू इंजिनाने पाणी ओढले की ते दाबले जात नाही, पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. वाक थोडासाच असेल तर इंजिन पुढेही काही काळ बिनतक्रार चालते. मी घेतलेल्या पहिल्या इंजिनाचे हेड (वरचे झाकण) उतरवून डायल गेज हे बारीक अंतर मोजणारे उपकरण लावले, तेव्हा तिसरा पिस्टन वरच्या टोकाला इतरांपेक्षा जेमतेम अर्धा मिलिमीटर खाली थांबत होता, म्हणजे त्याचा रॉड वाकलेला होता. नुसत्या डोळ्यांना ते कधीच दिसले नसते. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजण्याच्या चाचणीत, चार सिलिंडरांत दहा टक्क्यांहून अधिक फरक आला तर ते इंजिन घेऊच नका, आणि आकडे चांगले आले तरी टर्बोआधी पिस्टनची उंची मोजून घ्याच.

अर्धा बार बूस्ट (टर्बोने दिलेला जादा दाब) म्हणजे सिलिंडरमध्ये साधारण दीडपट हवा. टर्बोविना चालण्यासाठी आखलेल्या कॉम्प्रेशनवर एवढी हवा कोंबली आणि इग्निशन मागे घेतले नाही, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पाडली नाही, तर नॉकिंग (इंधनाचा अवेळी स्फोट) होऊन पिस्टनच्या रिंगांमधला भाग तुटतो. म्हणून इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा), स्वतंत्र ईसीयू (इंजिनाचे संगणकीय नियंत्रण), 95 ऑक्टेनचे पेट्रोल आणि सुरुवातीला 0.3 बारच्या आसपास बूस्ट, यात तडजोड नको.

पैसे देण्याआधी आरटीओत लेखी विचारणा करा. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही आणि 2019 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केले आहे. अपघात झाल्यास विम्याचा दावाही याच मुद्द्यावर अडू शकतो. परवानगी मिळाली तर आधी इंजिन बसवून टर्बोविना एक उन्हाळा वापरा, गर्दीत तापमान कुठवर चढते ते पाहा, आणि टर्बोसाठी ठेवलेले पैसे तोवर रेडिएटर, क्लच आणि ब्रेकवर खर्च करा.