सही झाली, मग बंदुका का थांबत नाहीत?

प्रश्न : आमच्या गल्लीतला एक मुलगा संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून दक्षिण सुदानात गेलाय. तिथे 2018 मध्येच शांतता करार झाला म्हणतात. मग अजून लढाई कशी? मुत्सद्दी मंडळी नेमकं करतात काय? – एक वाचक, खानापूर

उत्तर : 12 सप्टेंबर 2018 ला अदिस अबाबात राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि विरोधी नेते रिएक मचार यांनी सह्या केल्या. मध्यस्थी 'इगाद' या पूर्व आफ्रिकी देशांच्या संघटनेची. सह्यांपेक्षा अवघड होतं ते दोन्हीकडच्या शिपायांची एक फौज करणं. ठरलं होतं असं : त्यांना छावण्यांत गोळा करायचं, निवडून प्रशिक्षण द्यायचं आणि 83 हजारांचं एकत्रित दल उभं करायचं. छावण्या उभ्या राहिल्या, पण धान्य, औषधं आणि निवारा पुरेसा मिळाला नाही. उपाशी शिपाई छावणीत किती दिवस थांबणार? अनेक जण निघून गेले. राजधानी जुबात पहिल्या तुकड्यांचं संचलन झालं ते ऑगस्ट 2022 मध्ये, तेही हातात लाकडी दांडकी घेऊन. सरकारनं बोट दाखवलं सुरक्षा परिषदेच्या जुलै 2018 च्या शस्त्रबंदीकडे. आमच्या मते पैसा आणि इच्छा या दोन्हींची टंचाई त्याहून मोठी होती.

शस्त्रसंधी मोडल्याची तक्रार आली की पाहणी पथक जागेवर जाऊन अहवाल देतं. गाडी अडते ती इथेच. सैन्य वाट सोडत नाही, पावसात रस्ते चिखलात बुडतात आणि पथक पोचेपर्यंत पुरावा उरत नाही. शिवाय अहवालात दोषी ठरलेल्याला शिक्षा करायचा अधिकार पथकाला नाही.

प्रश्न : बाहेरचा दबाव कधी कामी येतो का? – एक वाचक, निपाणी

उत्तर : येतो, मागणी एकच आणि मुदत पक्की असेल तर. संयुक्त सरकार मे 2019 पर्यंत यायचं होतं. मुदत नोव्हेंबरवर गेली, मग आणखी 100 दिवस वाढली. घोडं अडलं होतं राज्यांच्या संख्येवर. कीर यांनी 10 राज्यांची 32 केली होती, मचार यांना ती मान्य नव्हती. हद्दीची रेघ सरकली की कुणाचं काय जातं, हे सीमाभागातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. शेजारी देश आणि अमेरिका यांनी रेटा लावला, तेव्हा 15 फेब्रुवारी 2020 ला कीर 10 राज्यांवर परत आले. 22 तारखेला सरकार बनलं.

पुढे रेटा सैल झाला. 2022 मध्ये अमेरिकेनं पाहणी यंत्रणेचा निधी काढून घेतला. आम्हाला हा निर्णय चुकीचा वाटतो, कारण नजर ठेवणारे कमी झाले की कुरघोडी वाढते. निवडणूक डिसेंबर 2024 वरून डिसेंबर 2026 वर गेली आणि मार्च 2025 मध्ये मचार नजरकैदेत गेले.

खानापूरच्या वाचकांसाठी एवढंच : शांतिसेनेचं पहिलं काम नागरिकांचं रक्षण आणि मदतीची वाट मोकळी ठेवणं. भारतीय तुकड्या मलाकल आणि बोर भागात आहेत. करार पाळायला भाग पाडणं त्या मुलाच्या हातात नाही.