मोदकाच्या आकाराच्या फ्रेंच युद्धनौका आणि ग्वाल्हेरचं जहाज

प्रश्न : भाऊ नमस्कार, माझा नववीतला नातू मोबाईलवर युद्धनौकांचा गेम खेळतो. त्यातली जुनी फ्रेंच जहाजं बघून मला हसूच फुटलं, पोट सुटलेलं, बाजू वर जाताना आत झुकलेल्या, वर माड्यावर माड्या. तो म्हणतो आजी हे खरंच असंच होतं, मी म्हणते गेमवाल्यांनी बनवलंय. कोण बरोबर? (एक आजी, जनकगंज, लष्कर, ग्वाल्हेर)

उत्तर : ताई, नातू जिंकला. खरंच अशीच होती, आणि हसणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. 1886 मध्ये पाण्यात उतरलेल्या ‘ओश’ ह्या जहाजावर इतकं बांधकाम होतं की त्याला लोक ‘ग्रँड हॉटेल’ म्हणायचे.

आता तो मोदकासारखा आकार. त्याच्यामागे डोकं होतं बरं का. 1890 च्या आसपास फ्रेंचांनी मोठ्या तोफा पत्त्यातल्या चौकटसारख्या मांडल्या, म्हणजे एक पुढे, एक मागे आणि एकेक दोन्ही बाजूंना, पुढची-मागची 305 मिलिमीटरची आणि बाजूच्या 274 च्या. आता बाजूच्या तोफेला नाकासमोर आणि पार मागेपण मारता यायला हवं तर मध्ये जहाजाचं अंग यायला नको, म्हणून अंगच आत घेतलं. वरचं वजन कमी झालं हा वेगळा फायदा. तोटा असा की साधं जहाज कललं की त्या बाजूचं जास्त अंग पाण्यात जातं आणि पाणी त्याला परत वर ढकलतं, ह्यांचं अंग वर निमुळतं, त्यामुळे जितकं जास्त कलणार तितकी ढकलायला जागाच कमी मिळणार.

1915 च्या 18 मार्चला तुर्कस्तानातल्या दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीत ह्याच आकाराचं फ्रेंच जहाज ‘बुवे’ तुर्कांच्या सुरुंगावर आदळलं आणि दोनेक मिनिटांत उलटून बुडालं, सहाशेहून जास्त माणसं गेली. सगळा दोष आकाराला देऊ नका, जहाज म्हातारं होतं, 1896 चं, पण कलायला लागल्यावर त्या आकारानं काही सांभाळून घेतलं नाही एवढं नक्की.

आणि नातवाला अजून एक सांगा. बुवे, मासेना, कार्नो, शार्ल मार्तेल, झोरेगिबेरी ही पाच जहाजं कागदावर एकाच जातीची, तोफा त्याच, वजन साधारण 12 हजार टन, पण आराखडे वेगवेगळ्या इंजिनिअरांचे. म्हणजे एकाच लग्नाचे लाडू चार हलवायांना वाटून दिल्यासारखं, एकाचा कडक एकाचा भुसभुशीत. फ्रान्समध्येच ह्याला ‘नमुन्यांचा ताफा’ म्हणायचे, आता लढाईत असा ताफा एका रांगेत चालवायचा कसा, कोण किती वळतं कोण किती पळतं हे प्रत्येकाचं वेगळं.

प्रश्न : पोलाद वगैरेत फ्रान्स सगळ्यांच्या पुढे होता असं वाचलं, मग इंग्रजांची ‘ड्रेडनॉट’ ही नव्या धर्तीची युद्धनौका आल्यावर एकदम मागे कसा पडला? पैसे नव्हते का? (कॉलेजचा विद्यार्थी, मुरार)

उत्तर : पैशापेक्षा मन ठरत नव्हतं असं माझं मत आहे. पुढे होते हे खरंच, समुद्रात लढू शकणारं पहिलं चिलखती जहाज ‘ग्लुआर’ त्यांचं, 1859 चं, आणि मुख्यतः पोलादाची पहिली मोठी युद्धनौका ‘रदूताब्ल’ तीपण त्यांचीच, 1876 ची. मग ॲडमिरल ओब यांचा विचार आला, ते 1886 मध्ये नौदलमंत्रीच झाले, की मोठ्या नौका कशाला, छोट्या टॉर्पेडो बोटी किनारा सांभाळतील आणि क्रूझर, म्हणजे हलक्या वेगवान युद्धनौका, इंग्रजांची व्यापारी जहाजं बुडवतील. विचार वाईट नव्हता हो, पण पुढचा मंत्री आला की उलटं, त्याच्या पुढचा आला की परत सुलटं, आणि जहाज बनायला लागायची पाच-सहा वर्षं, तोवर ज्यानं सांगितलं तो घरी गेलेला.

क्रूझरमध्ये मात्र त्यांचा हात कोणी धरत नव्हता. 1890 चं ‘द्युप्वी द लोम’ बघ, संपूर्ण बाजूला चिलखत आणि नाक नांगराच्या फाळासारखं पुढे आलेलं. नंतरच्या ‘जान दार्क’ला तर सहा धुराडी, तीन पुढे तीन मागे. पण ह्याच प्रेमात ते अडकले, 1911 मध्ये 194 मिलिमीटर तोफांची ‘एद्गार किने’ तयार होत होती तेव्हा इंग्रजांच्या 305 च्या बॅटलक्रूझर, म्हणजे मोठ्या तोफांच्या वेगवान नौका, येऊन तीन वर्षं झाली होती.

ड्रेडनॉटचं तसंच. इंग्रजांनी ती 1905 च्या ऑक्टोबरात बांधायला घेतली आणि 1906 च्या डिसेंबरात तयार, एकाच मापाच्या दहा मोठ्या तोफा. फ्रान्सनं त्यानंतर ‘दांतों’ जातीच्या सहा नौका बांधायला घेतल्या, टर्बाइन म्हणजे वाफेवर फिरणारी इंजिनं नवीन बसवली पण तोफा जुन्या पद्धतीच्या, 305 च्या चार आणि 240 च्या बारा, आणि त्या ताफ्यात आल्या 1911 मध्ये, म्हणजे वरात निघाल्यावर शेरवानी शिवायला टाकली. ड्रेडनॉटच्या धर्तीची खरी फ्रेंच नौका ‘कूर्बे’, बारा तोफांची, ती 1910 मध्ये सुरू झाली आणि 1913 मध्ये आली.

वर घरचाच दारूगोळा दगा देत होता. ‘पूद्र बी’ नावाची बिनधुराची तोफेची दारू जुनी झाली की आपोआप सडायची, तापायची. फ्रान्सच्या तुलाँ बंदरात 1907 च्या मार्चमध्ये ‘येना’ ही युद्धनौका गोदीतच फुटली, सुमारे 120 गेले, आणि तिथेच 1911 च्या 25 सप्टेंबरला ‘लिबेर्ते’, तेव्हा तीनशेच्या आसपास. शत्रू कुठे नाहीच, जहाज बंदरात उभं. ह्या दोन तारखा वाचल्यावर मला त्या माड्यांवर हसवत नाही.

प्रश्न : आपल्या ग्वाल्हेरचा समुद्राशी कधी काही संबंध आला का हो? (बाड्यावरचा एक दुकानदार)

उत्तर : आला ना! आपल्या लोकांना जयविलास महालातली जेवणाच्या टेबलावरची चांदीची रेलगाडीच आठवते, जहाज विसरतात. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी 1914 च्या शेवटी ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ हे प्रवासी जहाज घेतलं, हेपण 1890 मध्येच पाण्यात उतरलेलं, आणि ‘लॉयल्टी’ नाव देऊन जखमी सैनिकांसाठी तरंगतं हॉस्पिटल केलं. युद्धानंतर ते सिंदिया स्टीम नेव्हिगेशन कंपनीकडे गेलं, नाव आपल्याच राजघराण्याचं बघा. 1919 च्या 5 एप्रिलला ते मुंबईहून लंडनला निघालं, 5 एप्रिलचा राष्ट्रीय सागरी दिन त्याचाच. नंतर 1923 मध्ये मुंबईतच भंगारात निघालं.