अबोला धरून मुलीचं करिअर ठरत नाही

नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला, मार्क छान, तिला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने धातू आणि सिरॅमिकच्या जोडावरचे बाँड, म्हणजे अणूंना एकमेकांशी धरून ठेवणारे बंध, अभ्यासायचेत, तुम्हाला मॅनेजमेंट हवंय, आणि "आयुष्यभर फोटो काढत बसणार का" असं सुनावून तीन आठवडे तुम्ही तिच्याशी बोललेला नाहीत. मला मार्कांची नाही, या तीन आठवड्यांची काळजी वाटते. राग मानू नका पण अबोला ही शिक्षा झाली, सल्ला नव्हे, आणि तीही परीक्षा तोंडावर असताना. अख्ख्या पत्रात तिचं स्वतःचं वाक्य एकच, तेही तुम्ही पोरकट म्हणून लिहिलंय: दातावरच्या कॅपला आत धातू, वर सिरॅमिक, मग गोंद नसताना चिकटतं कसं?

अहो, हाच तर तो विषय! सोन्यावर सहजी ऑक्साइड धरत नाही, म्हणून कॅपच्या सोन्यात टिन, इंडियम असे धातू थोडे मिसळतात, भट्टीत त्यांच्या ऑक्साइडचा पातळ थर वर येतो आणि पोर्सेलिन, म्हणजे वरचं सिरॅमिक, त्याला धरून बसतं. थर फार जाड झाला की तिथूनच टवका उडतो.

आता फोटोचं. बाँड असा फोटोत दिसत नाही, दिसतात त्या अणूंच्या रांगा, ठिपके ठिपके. बाँड कसला हे कळायला मायक्रोस्कोपने सोडलेल्या आणि नमुन्यातून आरपार गेलेल्या इलेक्ट्रॉननी किती एनर्जी गमावली ते मोजतात. ऑक्सिजनची खूण साधारण 532 इलेक्ट्रॉन व्होल्टला (हे एनर्जीचं माप) सुरू होते आणि शेजारी कोणता अणू बसलाय त्यावर तिचा आकार बदलतो, मग जोडावरच्या स्पेक्ट्रममधून, म्हणजे या गमावलेल्या एनर्जीच्या आलेखातून, दोन्ही बाजूंचे वजा करायचे, उरेल ते जोडाचं. त्याआधी नमुना घासून, आयनांचा, म्हणजे विद्युतभारित अणूंचा, मारा करून 100 नॅनोमीटरच्या खाली आणायचा, आणि धातू व सिरॅमिक सारख्या वेगाने झिजत नाहीत, त्यामुळे एक बाजू राहते, दुसरी उडून जाते, कित्येक दिवसांचं काम शेवटच्या तासात वाया. हे तिने एखाद्या लॅबमध्ये महिनाभर स्वतः करून बघावं, तुमच्या विरोधापेक्षा खरी परीक्षा ती आहे.

रस्ता नेहमीचाच, मास्टर्स, प्रवेश परीक्षा, पीएचडी. वर्षं जातात, प्राध्यापकीच्या जागा कमी, हे लपवणार नाही. पण चिप बनवणाऱ्यांना आणि टर्बाइनच्या पात्यांवर सिरॅमिकचा लेप देणाऱ्यांनाही जोड कुठे सुटला हे शोधणारी माणसं लागतातच.

पुढचं पत्र मात्र तिला लिहू द्या. आणि आज रात्री जेवताना तुम्हीच विचारा, ते चिकटतं कसं गं, आणि ती सांगत असेल तोवर मधे बोलू नका.