चैत्रातले वाफे

चैत्र लागला की नाशिकची सकाळ गार असते आणि दुपार चटके देते. त्यामुळे आपल्या सामायिक बागेत पाणी घालायचा तुझा वार असेल तेव्हा सकाळी सहालाच ये. आधी माती बघ. बोट दोन पेरं आत घाल, ओल लागली तर पाणी नको. वरची माती भुरकट दिसते म्हणून रोज पाणी सोडलं की मुळं कुजतात.

वाफ्यावर उसाचं पाचट नाहीतर सुका पाला चार बोटं जाड पसर, बुंध्याला मात्र चिकटवू नकोस. खरं सांगते, उन्हाळ्यात पाण्यापेक्षा मला पाचट मोलाचं वाटतं.

भेंडीचं पान उलटून बघत जा. बारीक जाळी, लालसर ठिपके दिसले तर तो कोळी, म्हणजे पानाचा रस शोषणारी बारीक कीड. ५० ग्रॅम निंबोळी कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजव, गाळून संध्याकाळी फवार. शेजारच्या वाफ्यावरही फवार, आपला-त्यांचा करू नकोस. कोळी बांध ओळखत नाही.

आणि पाइप गुंडाळून सावलीत ठेव. मी एकदा तो उन्हात सोडला होता. पुढच्या वाराच्या बाईंनी नळ उघडला, आतलं उकळतं पाणी वांग्याच्या कोवळ्या रोपांवर पडलं. सहा रोपं गेली. अजून वाईट वाटतं.