पावसाळ्यात आरसीसीबी सारखी पडते

प्रश्न : घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) आहे. पाऊस सुरू झाला की ती वारंवार पडते. वायरमन म्हणतो, काढून टाका, एमसीबी (फ्यूजच्या जागी असलेला, आपोआप पडणारा स्विच) पुरे. काढावी का?

उत्तर : मुळीच नाही, तसा सल्ला देणारा वायरमन बदला. एमसीबी फक्त ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किट ओळखते. माणसाच्या अंगातून जीवघेणा पाव अँपिअर गेला तरी १६ अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ता लागत नाही. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट ताडून बघते, फरक पडला, म्हणजे करंट अंगातून किंवा ओल्या जागेतून जमिनीत गळतोय, की वीज तोडते.

दोष शोधायला सगळ्या एमसीबी खाली करा, आरसीसीबी चढवा, मग एकेक एमसीबी वर करा. जिच्यावर पडेल, त्या लाइनचे प्लग काढून पुन्हा बघा. पावसात संशयित ठरलेले : गेटचा दिवा, गच्चीवरच्या पंपाचा टेप गुंडाळलेला जॉइंट, ओल आलेल्या भिंतीतला बोर्ड. गीझर मात्र बारमाही. एलिमेंटच्या नळीला चीर गेली की पाणी आत शिरते.

सगळ्या एमसीबी खाली असतानाही पडली, तर न्यूट्रलची तार कुठेतरी अर्थिंगला टेकली असण्याची शक्यता मोठी. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडते, न्यूट्रल जोडलेलीच राहते. मग मेन बंद करून न्यूट्रल बारवरच्या (सगळ्या न्यूट्रल जिथे जोडतात त्या पट्टीवरच्या) तारा एकेक सोडून तपासाव्या लागतात. हे काम परवानाधारकाकडूनच करून घ्या. इन्व्हर्टर असेल तर त्याची न्यूट्रल घरच्या न्यूट्रलमध्ये मिसळली आहे का, तेही बघायला सांगा.