पालथा पत्ता

"तो जुगार खेळतो. दार लावून." काकूंनी खुर्चीत टेकायच्या आधीच सांगून टाकलं. मागून सून आली. तिला सासूचं बोलणं पटत होतं की नव्हतं, तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

काकू ठाण्यातल्या जुन्या वस्तीत राहणाऱ्या, सत्तरीच्या. बाकी ओळख पटेल असं काही इथे लिहीत नाही. त्यांच्याकडे पुरावे होते. मुलाच्या कपाटात काजूकतलीच्या रिकाम्या डब्यात पत्ते सापडले होते, एक-दोन नाही, तीन-चार कॅट. रात्री साडेबाराला दाराआडून शब्द ऐकू आले होते, "माझे सगळे क्रेडिट संपले रे." आणि तिसरा पुरावा सांगताना त्या जरा थांबल्या. "सकाळी त्याचं तोंड बघते ना मी. हरल्यावर ह्यांचं व्हायचं, तसंच."

'हे' म्हणजे काकूंचे यजमान. तीन पत्तीपायी त्यांनी घरातलं सोनं घालवलं. त्यानंतर त्या घरात पत्ता आला नाही, गणपतीच्या जागरणात बदाम सातसुद्धा नाही.

मुलांच्या मोबाइलबद्दल सल्ला विचारायला माझ्याकडे रोज कुणीतरी येतं. छत्तिशीतल्या मुलाच्या पत्त्यांची तक्रार मात्र पहिलीच.

पुढच्या आठवड्यात तो एकटा आला, चिडलेला. डबा सोबतच आणला होता. पत्ते माझ्यासमोर ओतून म्हणाला, "बघा, यात कुठे जुगार आहे ते."

पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटांत पत्ते होते. पाठीकडून बघितलं तर आपले नेहमीचे, किराणा दुकानात मिळतात ते. उलटे केले की चित्रं निराळी: यंत्रमानव, उंच इमारती, वायरी डोक्यात खुपसलेली माणसं. खेळाचं नाव नेटरनर. त्याचे नवे पत्ते नल सिग्नल गेम्स नावाची खेळाडूंचीच संस्था काढते आणि घरी छापून घ्यायला फुकट देते. यानं ते स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतले, कापले, आणि कागद लुळा पडू नये म्हणून प्रत्येकामागे एक साधा पत्ता सरकवला. काकूंना दिसल्या त्या याच पाठी. आणि क्रेडिट म्हणजे त्या खेळातलं नाणं. दोघंही पाच क्रेडिटांनी सुरुवात करतात. घरी त्यासाठी चिंचोके वापरतो, असं म्हणत त्यानं खिशातून पुरचुंडी काढली.

म्हणजे पैशाचा प्रश्न तिथेच मिटला. कर्ज नाही, उसनवारी नाही, बायकोपासून लपवलेला खर्च नाही. खर्च झाला तो छपाईचा, आणि कधीतरी जुन्या बाजारातून घेतलेल्या एका अस्सल पाकिटाचा.

इथेच मी काकूंना फोन करून "काही नाही हो, निवांत राहा" म्हणाले असते तर काम दहा मिनिटांत संपलं असतं. पण ते तिसरं, तोंडाचं, माझ्या मनातून जाईना. मग मी त्याला म्हटलं, "मला शिकव."

कुणाचा छंद समजून घ्यायचा तर त्याच्याबद्दल विचारण्यापेक्षा शिकायला बसलेलं बरं, असा माझा अनुभव आहे. शिकवताना माणूस स्वतःबद्दल जास्त बोलतो.

खेळ मला आवडला, हे आधीच सांगते. दोन खेळाडूंचे नियमच वेगळे. एक बलाढ्य कंपनी, दुसरा तिच्या संगणकांत घुसणारा हॅकर, म्हणजे रनर. कंपनीला एका पाळीत तीन चाली, रनरला चार. कंपनी आपले गुप्त बेत टेबलावर पालथे मांडते, त्यांच्यापुढे संरक्षणाचे पत्ते लावते, तेही पालथे. बेत तडीस नेले की कंपनीला गुण, रनरनं ते चोरले की रनरला. आधी सात गुण होतील तो जिंकला. यातली खरी गंमत मला उशिरा कळली. रनर टेबलावरच्या पत्त्यांवरच नाही, कंपनीच्या हातातल्या पानांवर, न उचललेल्या गड्ड्यावर, अगदी टाकलेल्या पानांवरही धाड घालू शकतो. आपल्या झब्बूत समोरच्याच्या हातात घुसायची सोय असती तर काय झालं असतं, तसं. आणि पालथा पत्ता बेत असेल की सापळा, हे उलटल्याशिवाय कळत नाही. लहानपणी 'चॅलेंज' खेळलेल्याला ही धडधड ओळखीची वाटेल.

हा खेळ मूळचा रिचर्ड गारफील्डचा, 1996 सालचा. अमेरिकेतल्या फँटसी फ्लाइट कंपनीनं 2012 मध्ये तो नव्यानं आणला आणि 2018 मध्ये बंद केला. मग खेळाडूंनीच तो हाती घेतला. आपल्या हिरोचा जर्मनीत स्थायिक झालेला हॉस्टेलमधला मित्र तिथे तो शिकला आणि त्यानं याला ओढलं. रात्रीच्या वेळेचा उलगडाही इथेच झाला. उन्हाळ्यात मित्राचे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेबारा.

माझ्या पहिल्या डावात माझ्या हातात दोनच पानं उरली होती. मी उत्साहानं त्याच्या हातावर धाड घातली आणि निघाला 'स्नेअर' नावाचा सापळा. त्यानं चार चिंचोके बाजूला काढले, मला तीन घाव बसले. हातात पानं असतात त्यापेक्षा जास्त घाव बसले की रनर मेला. मी मोठ्यानं हसले. इतकी मूर्खासारखी कित्येक वर्षांत हरले नव्हते.

तो हसला नाही. पानं गोळा करता करता माझी चूक समजावू लागला. दोन पानं हातात असताना धाड घालणं कसं चूक, आधी पानं उचलायला कशी हवी होती. सगळं बरोबर. पण जिंकलेला माणूस इतक्या घाईनं चुका का मोजतोय, असं वाटून मी विचारलं, "तू हरलास की काय करतोस?"

एक्सेलची शीट आहे, म्हणाला. सहा महिन्यांचा प्रत्येक डाव: कुठला गड्डा, कितव्या पाळीत हरलो, का हरलो. जिंकण्याचं प्रमाण 44 टक्क्यांवरून 47 वर आलंय. मित्र झोपायला गेला की हा इंटरनेटवर अनोळखी लोकांशी खेळत राहतो, कारण हरून झोपलं तर झोप लागत नाही. दीड, दोन. सकाळी ऑफिसात टेस्टिंगचे आकडे भरायचे, महिन्याअखेर रेटिंग. "तिथं पण टक्के, इथं पण टक्के," मी म्हटलं. तो गप्प झाला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' आहे. पण तो डिजिटल खेळांसाठी, आणि ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसूनही चालू ठेवणं हे साधारण वर्षभर टिकलेलं असावं लागतं. जुगाराच्या व्यसनाला अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत नऊ खुणा दिल्या आहेत, त्यातल्या चार तरी लागतात. याच्याकडे निदान करण्यासारखं काही नव्हतं, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. पण त्या नऊंतली एक खूण अशी आहे: हरलेलं भरून काढायला पुन्हा बसणं. पैसा सोडून बाकी सगळं तेच इथे चाललं होतं. काकूंचं क्रेडिट चुकलं, पत्ते चुकले. तोंड चुकलं नव्हतं.

ही शंका घेऊन येणारे बहुतेक जण विचारतात, किती तास चालेल? मला तासांवरून फारसं कळत नाही. कुणी रविवारी सहा तास खेळून ताजातवाना उठतो, कुणी पाऊण तासात कुढायला लागतो. हरल्यानंतरची दहा मिनिटं कशी जातात, ते मी आधी विचारते.

त्याला खेळ सोडायला मी सांगितलं नाही. दोनच गोष्टी ठरल्या. जिंकल्यावर दुसरा डाव लावला तर लाव, हरल्यावर लावायचा नाही. आणि हरल्यावर लगेच निघून जायचं नाही, समोरच्याला विचारायचं, "तो पालथा पत्ता काय होता?" ही प्रथा या खेळाडूंत आहेच. डाव संपला की पानं उलटी करून एकमेकांना दाखवतात, कुठे फसवलं ते सांगून हसतात. हा मात्र हरला की स्क्रीन बंद करत होता. म्हणजे खेळातली सगळ्यात चविष्ट फोड ताटात टाकून उठत होता.

एक्सेल बंद करायला तयार झाला नाही. मीही ताणलं नाही. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री पुन्हा दोन वाजवले, ते स्वतःहून सांगितलं. पाचव्या आठवड्यात आला तो नवीच टूम घेऊन: जिंकण्यासाठी अजिबात उपयोगी नसलेला, निव्वळ विचित्र पत्त्यांचा एक गड्डा बांधला होता. सलग चार वेळा हरला होता, चार वेगवेगळ्या रात्री. "चौथ्यांदा चालला असता, एक पान आधी यायला हवं होतं," म्हणाला, आणि ते पान कसं चाललं असतं हे मला सांगत बसला. हा छंदवाला माणूस. त्या शीटचा विषय त्या दिवशी निघालाच नाही.

काकूंना मी त्याच्यासमोरच बोलावलं. चिंचोके बघून त्यांना हसू आलं. ते अस्सल पाकीट त्यानं पुढे केलं. या खेळाच्या 2015-16 मधल्या एका मालिकेत भविष्यातली भारतीय महानगरी आहे, मुंबाद नावाची, आणि तिच्यातल्या पाकिटांची नावं आहेत 'काळा घोडा', 'साष्टी बेट'. काकूंनी चष्मा लावला, नाव त्याच्याकडून वाचून घेतलं. "आपली साष्टी? ठाण्याची?" त्यांनी पाकीट हातात घेतलं नाही. यजमानांबद्दल त्या मुलासमोर पहिल्यांदाच चार वाक्यं बोलल्या, ती इथे लिहिण्याची नाहीत.

परवा सुनेचा फोन आला. तो आता हॉलमध्ये खेळतो, दार लावत नाही. काकू पलीकडे मेथी निवडत बसतात, पत्त्यांना अजून हात लावत नाहीत. शनिवारी तो हरला. काकूंनी मान वर न करता विचारलं, "मग? पालथं काय होतं त्याचं?"